पत्रिकेची चाचणी: ४० पैकी २८ च का?

बारावीपास: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांनी २००८ मधे पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतलेली त्याबद्दल वाचतोय. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यातल्या ४० प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या, कुठली कोणत्या प्रकारच्या मुलाची ते ओळखा म्हणून. २७ जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. पण पास व्हायला २८ का लागत होते, २१ आले तरी निम्म्याच्या वरच ना? आणि एवढा उपद्व्याप कशाला, लोकांनाच विचारायचं की भविष्य खरं ठरलं का.

छापाकाटा: नाणं ४० वेळा उडव, बरोब्बर २० छापे क्वचितच येतील, १४ ते २६ मधे काहीही आलं तरी नवल नाही. २८ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता शंभरात एखादी, म्हणून तिथे रेघ. आणि ती रेघ उत्तरं यायच्या आधी मारायची, नाहीतर सगळ्यात चांगला स्कोअर २४ होता, कोणीतरी म्हणालंच असतं की २४ ला पास धरा!! लोकांना विचारून काय होणार, लागलेलं भाकीत माणूस दहा जणांना सांगतो, चुकलेलं कोण लक्षात ठेवतंय.

साडेसाती: पत्रिका पाठवल्या होत्या ५१ जणांना. बाकीचे २४ जाणकार असतील तर? शिवाय ४० हे सॅम्पल लहानच.

छापाकाटा: सॅम्पलचा मुद्दा रास्त आहे. ४० मधे २४ म्हणजे ६० टक्के, ते नशिबानेही येतात, पण २०० मधे १२० आले असते तर नशीब म्हणून सोडून देता आलं नसतं. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या होत्या, १०२ बरोबर आल्या. आणि ज्यांनी उत्तरंच दिली नाहीत त्यांना जाणकार म्हणायचं तर कशावरून?

बारावीपास: ओके. मग गुणमिलनाचं पण असंच करता येईल का? पत्रिका बघून केलेली लग्नं आणि न बघता केलेली, कुठे घटस्फोट जास्त ते मोजायचं.

आकडेमोड: नाही जमणार तसं, पत्रिका बघणाऱ्या घरात घटस्फोटाला विरोधही जास्त असू शकतो, मग लग्न टिकलं ते गुणांमुळे की नातेवाईकांमुळे हे कसं कळणार. त्यापेक्षा सगळी न बघता लग्न केलेलीच जोडपी घे आणि गुण आत्ता काढ. फक्त गुण काढणाऱ्याला कोणाचं टिकलं ते माहीत नको.