कटऑफ ५ टक्के म्हणजे फारच जास्त

प्रवाह बंद असतानाही फ्लो मीटरचा आकडा शून्याच्या आसपास नाचतो, त्यावर "लो फ्लो कटऑफ (ज्या प्रवाहाखाली मीटर सरळ शून्य दाखवतो ती मर्यादा) सरळ ५ टक्के ठेवा, शून्यावरचा नाच थांबतो" असा सल्ला दिला जातो. आकडा नाचायचा थांबतो हे खरं, पण पाणी मोजायचंही थांबतं. १०० मिमी पाईपचा मॅग मीटर (चुंबकीय क्षेत्राने प्रवाह मोजणारा), रेंज ताशी १०० घनमीटर धरा. ५ टक्के म्हणजे ताशी ५ घनमीटर. त्याखालचा सगळा प्रवाह मीटर शून्य दाखवतो आणि टोटलायझरही (एकूण पाण्याची बेरीज ठेवणारा आकडा) पुढे सरकत नाही, म्हणजे दिवसाला १२० घनमीटरपर्यंत पाणी हिशोबाबाहेर. चिकोडी-निपाणीकडच्या साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपला की लाईनमध्ये नेमका असाच बारीक प्रवाह उरतो; बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्री कूलिंग टॉवरच्या मेकअप लाईनचंही (उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करणारी लाईन) तेच.

कटऑफ आधी ० करा. पाईप पूर्ण भरलेला असताना मीटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा (एकच बंद केला आणि तो गळत असेल तर ते शून्य खोटं), डॅम्पिंग (आकड्याची सरासरी काढण्याचा वेळ) ५ सेकंदांवर ठेवून दहा मिनिटं आकडा बघा. तो ±०.३ टक्क्यांमध्ये खेळत असेल तर ०.६ टक्के कटऑफ पुरे. ±२ टक्क्यांच्या पुढे जात असेल तर सेटिंगला हात लावू नका, आधी अर्थिंग तपासा. पीव्हीसी लाईनला ग्राउंडिंग रिंग (पाण्याला अर्थिंग देणारी धातूची कडी) नसणं, पाईप अर्धवट भरलेला असणं किंवा इलेक्ट्रोडवर थर बसणं, बहुतेक वेळा यातलंच एक निघतं. ऑरिफिस-डीपी मीटरला (छिद्राच्या चकतीवरच्या दाबातल्या फरकावरून, म्हणजे डीपीवरून, प्रवाह मोजणारा) मात्र हा हिशोब लावू नका: डीपी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तिथे ५ टक्के प्रवाहाला डीपी फक्त ०.२५ टक्के असतो, त्यामुळे कटऑफ जास्तच ठेवावा लागतो.