आगीच्या धोक्यामुळे कंपनीने परत बोलावलेले वॉशिंग मशीन दुरुस्तीपर्यंत वापरावे का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

आमच्या वॉशिंग मशीनमधील हीटरच्या वायरीचा सांधा तापून आग लागण्याची शक्यता आहे, तो भाग विनामूल्य बदलून देऊ, असे कंपनीने कळवले आहे. आमच्या मशीनचा क्रमांक त्या यादीत आहे; मात्र मेकॅनिक पुढील महिन्यातच येईल. दुकानदार म्हणतात की मशीन उत्तम चालते आणि घरात एमसीबी आहे, तेव्हा काळजी नको. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे कपडे रोज धुवावे लागतात. तोपर्यंत थंड पाण्यावर मशीन चालवावे का? खरेदीची पावतीही सापडत नाही.

उत्तर (मिरज)

ताई, कृपया मशीनचा प्लग काढून ठेवा. एमसीबीचा भरवसा येथे कामाचा नाही. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर वीज घेतो. सांधा सैल झाला म्हणून ती वाढत नाही, त्यामुळे जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडणाऱ्या एमसीबीला काहीच कळत नाही. त्या सांध्यात केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी तेथे सुमारे ४० वॅट उष्णता साठते, म्हणजे प्लॅस्टिकला टेकवून ठेवलेल्या सोल्डरिंग आयर्नइतकी. मशीन व्यवस्थित चालत असतानाच हे घडते. थंड पाण्यावर हीटर बंद राहतो हे खरे. परंतु तसा वापर सुरक्षित आहे असे कंपनीने लेखी कळवल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ब्रिटनमध्ये व्हर्लपूलच्या सदोष ड्रायरबाबत २०१५ मध्ये ग्राहकांना ‘लक्ष ठेवून वापरा’ असे सांगण्यात आले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील एका उंच इमारतीत अशाच ड्रायरमुळे मोठी आग लागली. प्लग काढून ठेवण्याचा सल्ला २०१७ मध्ये आला आणि यंत्रे परत बोलावण्यास २०१९ उजाडले. घरात उठता न येणारी व्यक्ती असताना हा धोका पत्करू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (सांगली)

प्रथम संदेशातील दुव्यावर न जाता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून खात्री करा, आणि कोणालाही ओटीपी देऊ नका. ऑनलाइन किंवा कार्डाने पैसे दिले असल्यास बँकेची नोंद खरेदीचा पुरावा म्हणून दाखवता येते. दुरुस्ती लवकर करावी किंवा तोपर्यंत पर्यायी मशीन द्यावे, अशी मागणी ई-मेलने लेखी करा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथेच, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

उत्तर (तासगाव)

मेकॅनिक आल्यावर कोणता भाग बदलला, हे मशीनच्या क्रमांकासह कामाच्या पावतीवर लिहून घ्या. नुसते ‘तपासले, ठीक आहे’ असे लिहिले असेल तर सही करू नका.