नोटीस बोर्डावरचे हिरवे चेहरे

जोग काका ए-२०३: नमस्कार. लिफ्टशेजारच्या बोर्डावर गेल्या गणपतीचे फोटो अजून लटकत आहेत. सगळ्यांचे चेहरे हिरवे पडलेत. आमच्या हिच्या हातात आरतीचं ताट आहे म्हणून ती कळते तरी. काल व्याही आले होते, बघून काही बोलले नाहीत. निखिलने छापलेल्या या फोटोंचे मंडळाने ४,८०० रुपये मोजलेत. बिल कुठे आहे?

प्रथमेश बी-१०१: काका व्याह्यांना सांगा शेवाळ आहे, पावसाळ्यात धरतं 😄

जोग काका ए-२०३: प्रथमेश, तुझ्या वडिलांना मी ओळखतो.

प्रथमेश बी-१०१: ते पण ग्रुपवर आहेत काका, त्यांनीच हसून दाखवलं मला

शिंदे मॅडम खजिनदार: बिल फाइलला आहे. वार्षिक सभेत वाचून दाखवलं होतं. आपण तेव्हा समोसे झाल्यावर निघाला होता.

निखिल ए-४०४: काका, त्या भिंतीवर दुपारी तीननंतर थेट ऊन येतं आणि बोर्डाला काच नाही. मी तेव्हाच बोललो होतो. काचेच्या बोर्डाचं कोटेशनही आणून दिलं होतं.

पाटील साहेब सेक्रेटरी: काचेचा बोर्ड टाकी दुरुस्तीनंतर घेऊ असं कमिटीत ठरलं आहे. तो विषय इथे नको.

भिडे आजोबा बी-४०३: ऊन तर आहेच. पण हिरवं पडणं म्हणजे मजेंटा, म्हणजे गुलाबी उडाला, मागे सायन, म्हणजे आकाशी आणि पिवळा राहिला. आमची उभी नोकरी ऑफसेट मशीनपाशी गेली, एवढं नजरेने कळतं. निखिल, शाई कोणती भरली होतीस?

निखिल ए-४०४: आजोबा, सगळे स्टुडिओवाले वापरतात तीच.

भिडे आजोबा बी-४०३: म्हणजे कंपनीची नाही.

निखिल ए-४०४: 🙏

निखिल ए-४०४: असो. गणपतीच्या आत नवा प्रिंटर आणतोय. एकदम प्रोफेशनल. एप्सनचा पी९०० बघून ठेवलाय. १७ इंची, ए-२ छापतो, दहा शाया, सगळ्या पिगमेंट, म्हणजे बारीक रंगकणांच्या. ग्लॉसीचा काळा वेगळा, मॅटचा काळा वेगळा, जुन्या मॉडेलसारखी अदलाबदल करताना शाई वाया जात नाही. यंदाचे फोटो त्याच्यावर निघतील.

जोग काका ए-२०३: त्याचा खर्च मंडळावर नको. आणि ४,८०० चं उत्तर अजून आलेलं नाही.

सावंत वहिनी सी-१०४: निखिल, त्याच्यावर पासपोर्ट फोटो निघतात का रे? श्रियाचा अमेरिकेचा व्हिसा आहे.

निखिल ए-४०४: निघतात की वहिनी.

भिडे आजोबा बी-४०३: न निघायला काय झालं. पण पासपोर्ट फोटोला पी९०० म्हणजे नवरदेवाच्या घोडीवरून कोथिंबीर आणायला जाणं.

कुणाल डी-२०१: निखिल, राग मानू नकोस. पण तुझं गिऱ्हाईक मागतं काय? पासपोर्ट, बारशाचे चार बाय सहा, मुंजीत जागेवर फोटो. त्याला डाय-सब लागतो. डीएनपीचा आरएक्स-वन घे. त्यात शाईच नाही, रिबन असते. पिवळा, मजेंटा, सायन असे तीन रंग गरम हेडने एकेक करून कागदात उतरतात, वरून पारदर्शक लेप बसतो. कागद तीनदा-चारदा आत-बाहेर करतो ते तुम्ही सगळ्यांनी माझ्या बूथवर पाहिलंय. हातात येतो तो कोरडा. एका रोलमध्ये चार बाय सहाचे ७०० फोटो. फोटो काळोखातला असो की पांढऱ्या भिंतीचा, रिबन तेवढीच जाते, त्यामुळे एका फोटोला किती पडले ते आधीच माहीत असतं. शाई फवारणाऱ्या इंकजेटवाल्याला ते महिनाअखेर कळतं.

निखिल ए-४०४: आणि सहा इंचांपेक्षा रुंद काही निघत नाही. मला वारीचे फोटो जहांगीर आर्ट गॅलरीला टेरेसवरच्या दालनात लावायचेत. ते काय सहा बाय आठवर लावू?

कुणाल डी-२०१: जहांगीरची तारीख मिळाली?

निखिल ए-४०४: अर्ज करणार आहे.

कुणाल डी-२०१: अच्छा.

गोखले काकू ए-१०२: 🌹🌹 शुभ रात्री 🌹🌹

गोखले काकू ए-१०२: आमच्या मंदारकडे न्यू जर्सीला असाच मोठा आहे. हौसेने घेतला. तो म्हणतो महिना-दोन महिने छापलं नाही की नोझल, म्हणजे शाईची भोकं सुकतात, मग साफ कर, परत साफ कर, आणि ती सगळी शाई त्याच्याच पोटातल्या डब्यात जाते. आता सून त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवते.

निखिल ए-४०४: काकू, पी९०० मध्ये तो डबा आपण घरी बदलू शकतो. मेंटेनन्स बॉक्स म्हणतात.

पाटील साहेब सेक्रेटरी: मेंटेनन्सचा विषय निघालाच आहे तर सी-विंगमधील तीन सदनिकांचा मेंटेनन्स मार्चपासून बाकी आहे. नावं घेत नाही.

सावंत वहिनी सी-१०४: घ्या की नावं साहेब. आमचा भरलेला आहे, पावतीसकट. उगाच सगळ्या विंगवर नको.

पाटील साहेब सेक्रेटरी: वहिनी, आपल्याबद्दल नव्हतं. गैरसमज नसावा.

जोग काका ए-२०३: पुन्हा टाकतो, कारण विषय भरकटवला जातोय. गणपती फोटो. ४,८०० रुपये. बिल.

डॉ. केळकर बी-२०२: निखिल, कॅननचा प्रो-३०० पाहिलास का? ए-३ प्लसपर्यंत जातो, आकाराने आटोपशीर. पिगमेंटच. दहापैकी एका टाकीत रंगच नाही, क्रोमा ऑप्टिमायझर असतो. ग्लॉसी कागदावर तिरक्या उजेडात शाईचे डाग वेगळे चमकतात ना, ते तो सपाट करतो. मी पक्ष्यांच्या फोटोंसाठी तोच घ्यायच्या विचारात आहे, फक्त घरून मंजुरी नाही.

निखिल ए-४०४: डॉक्टर, त्याचं कार्ट्रिज १४.४ मिलीचं. पी९०० चं ५० मिलीचं. मिलीला किती पडतं ते काढा, छोटं कार्ट्रिजच जास्त खातं.

डॉ. केळकर बी-२०२: मग त्यांचाच प्रो-१०००. ८० मिली.

निखिल ए-४०४: ३२ किलो आहे तो!

पाटील साहेब सेक्रेटरी: ३२ किलोचा खोका लिफ्टमधून न्यायचा नाही. फ्रीज नेताना बी-विंगच्या लिफ्टचा दरवाजा कोणी वाकवला ते सर्वांना माहीत आहे.

प्रथमेश बी-१०१: साहेब लिफ्टमध्ये लिहिलंय ६ व्यक्ती ४०८ किलो. तुम्ही आणि भाऊसाहेब रोज एकत्र जाता तेव्हा सहा प्रिंटर होतात 🙈

प्रथमेश बी-१०१: हा मेसेज डिलीट करण्यात आला

पाटील साहेब सेक्रेटरी: वाचला आहे. आणि निखिल, घरात व्यवसायासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते. गिऱ्हाईक वर येणार, चपला जिन्यात, गाड्या आपल्या पार्किंगमध्ये. मीटरही घरगुती आहे.

निखिल ए-४०४: साहेब, अर्ज मार्चमध्येच दिलाय. पोच आहे माझ्याकडे. डी-विंगमध्ये क्लास चालतो, चाळीस मुलं येतात, त्यांना कोणी विचारत नाही.

जाधव मॅडम डी-१०३: आमच्या क्लासचं नाव घ्यायचं कारण? २२ मुलं आहेत. आणि ती चपला रांगेत काढतात.

शिंदे मॅडम खजिनदार: सगळ्यांनी झोपा आता. उद्या पाणी सकाळी सहा ते सात एवढंच.

भिडे आजोबा बी-४०३: झोप येत नाही म्हणून सविस्तर लिहितो. निखिल, नीट वाच.

डाय शाई कागदात मुरते, रंग झळाळतात, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्यांना खातो. पिगमेंटचे कण कागदावर बसतात आणि टिकतात. प्रदर्शनाला, विकायच्या चित्राला पिगमेंटच. यात वाद नाही. पण पिगमेंटला रोज नाही तरी आठवड्याला काम द्यावं लागतं. तू वारीला पंधरवडाभर जातोस, मे महिन्यात गावी असतोस. तेव्हा भोकं तपासायचा नोझल चेक कोण काढणार, तुझी आई? दहा रंगांतला एक जरी अडला तरी सगळ्यांची सफाई होते आणि भरवशाची शाई गटारात जाते.

दुसरं, एप्सनचाच टाकीवाला एल१८०५०. सहा रंग, ७० मिलीच्या बाटल्या, ए-३ प्लस. खर्च सगळ्यांत कमी. पण डायच. त्यात परत बाजारातली शाई भरलीस तर बोर्डावर काय झालं ते जोगांना विचार.

तिसरं, प्रिंटर कुठलाही घे, तुझे फोटो काळेच येणार. गेल्या वेळी तुझ्याकडे आलो तर मॉनिटर गाडीच्या हेडलाइटसारखा लावलेला. त्यावर बघून फोटो दुरुस्त करतोस आणि मग कागदाला दोष देतोस. मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर घे, उजेड १०० ते १२० कँडेलापर्यंत खाली आण, ज्या कागदावर छापायचं त्याचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवायची फाइल लाव. आम्ही प्रेसवर शाई हलवण्याआधी तिचा गडदपणा मोजायला डेन्सिटोमीटर लावायचो.

आणि कागद पावसाळ्यात उघडा ठेवू नकोस. ओल धरलेला कागद कडेला वळतो आणि हेडला घासतो.

प्रथमेश बी-१०१: आजोबा व्हॉइस नोट चालली असती 😴

डॉ. केळकर बी-२०२: उत्तम. पण आजोबा, घोडीची उपमा मला लागू नाही, मी पासपोर्ट काढत नाही.

जोग काका ए-२०३: माझ्या नावाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. ४,८०० रुपये.

शिंदे मॅडम खजिनदार: (फोटो) घ्या बिल. ६० फोटो, दर ८० रुपये. सही तुमची आहे, त्या वर्षी मंडळाच्या हिशेब समितीवर आपणच होता.

गोखले काकू ए-१०२: 🌞 शुभ प्रभात 🌞

जोग काका ए-२०३: सही माझी दिसते. पण ८० रुपये दर कोणी मंजूर केला?

कुणाल डी-२०१: निखिल, आजोबांचं वाचून झालं असेल तर परत सांगतो. डाय-सब. पासपोर्टचे चार बाय सहात आठ बसतात. एकाच कागदावर ग्लॉसी किंवा मॅट, नुसता लेप बदलतो. चार महिने बंद ठेव, चालू कर, पहिलाच फोटो स्वच्छ. मोठे फोटो बाहेरून छापून आण ना. लग्नाचे बारा बाय छत्तीसचे अल्बम आपण घरी छापतो का? लॅबलाच पाठवतो. दोन-चार चांगल्या जागा मुंबईत आहेत, हानेम्यूलेच्या फोटो रॅग या सुती कागदावर काढून देतात, तू समोर उभा राहून बघ.

निखिल ए-४०४: विचार करतो. इन्व्हर्टरवर चालेल का?

कुणाल डी-२०१: नको. हेड तापताना करंट खेचतो, लाइट गेली की रिबन अर्ध्यात अडकते. चांगला ऑनलाइन यूपीएस बघ. आणि ऐक, माझ्याकडचा जुना आरएक्स-वन आहे. मी दुसरा घेतलाय. घरातल्या घरात, कमी करून देईन.

सावंत वहिनी सी-१०४: आत्ता कळलं 😂

निखिल ए-४०४: म्हणून कालपासून राग मानू नकोस, राग मानू नकोस.

कुणाल डी-२०१: काल विकायचं डोक्यात नव्हतं. गणपतीचं काम तुला गेलं ते मी कधी बोललो का?

पाटील साहेब सेक्रेटरी: ते काम रीतसर तीन कोटेशन मागवून दिलं होतं.

कुणाल डी-२०१: दोनच आली होती साहेब. तिसरं कोटेशन त्याच्याच मावसभावाचं.

भिडे आजोबा बी-४०३: व्यवहार करा, पण आधी सपाट करड्या रंगाचा एक फोटो काढून बघ निखिल. हेडवर ओरखडा असेल तर प्रत्येक फोटोत त्याच जागी केसासारखी रेघ येते. नुसती धूळ असेल तर पुसल्यावर जाते, ओरखडा जात नाही. आणि मशीनमध्ये किती फोटो निघालेत त्याचा आकडा असतो, तो दाखवायला सांग.

कुणाल डी-२०१: दाखवतो. लपवण्यासारखं काही नाही.

जाधव मॅडम डी-१०३: एक विचारू? गेल्या आठवड्यात डी-विंगच्या सुक्या कचऱ्यात काळपट प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या होत्या, उलगडल्या तर आत माणसांचे चेहरे. सफाईवाल्या मावशी घाबरून मला दाखवायला आल्या. ते तुझंच ना कुणाल?

कुणाल डी-२०१: वापरलेली रिबन असते ती मॅडम. जो रंग कागदात गेला तेवढा तिथे कमी होतो, म्हणून चित्र उमटलेलं राहतं.

जाधव मॅडम डी-१०३: म्हणजे माझ्या क्लासच्या मुलांचे आयकार्ड फोटो तसेच कचऱ्यात गेले? पालकांना मी काय सांगू?

पाटील साहेब सेक्रेटरी: यापुढे अशी रिबन कापून, काळ्या पिशवीत बांधून द्यावी. दोघांनाही लागू. निखिलच्या परवानगी पत्रात ही अट घालतो.

निखिल ए-४०४: म्हणजे परवानगी मिळाली साहेब?

पाटील साहेब सेक्रेटरी: अट घालतो म्हणालो. पत्र कमिटीत येईल.

निखिल ए-४०४: ठीक. मी असं ठरवलंय. रोजच्या कामाला डाय-सब, कुणालचा बघतो, रेघ नसेल तर. नाहीतर बोरा बाजारात नवा. वारीचे २० फोटो बाहेर रॅगवर छापून घेतो. पी९०० जहांगीरची तारीख मिळाल्यावर बघू. उरलेल्या पैशात आधी कॅलिब्रेटर.

डॉ. केळकर बी-२०२: कॅलिब्रेटर मला एक दिवस देशील?

कुणाल डी-२०१: हेच मी काल रात्री नऊला लिहिलं होतं. वर जाऊन बघा.

निखिल ए-४०४: तू आरएक्स-वन म्हणालास. कॅलिब्रेटर आजोबा म्हणाले.

सावंत वहिनी सी-१०४: ते राहू दे. श्रियाची तारीख सोमवारची आहे. फोटो कुठल्या मापात लागतो?

निखिल ए-४०४: दोन बाय दोन इंच वहिनी, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. चष्मा त्यांनी २०१६ पासून बंद केलाय. चार बाय सहात सहा बसतात. पण माझा जुना आत्ता बंद पडलाय.

कुणाल डी-२०१: वहिनी माझ्याकडे पाठवा, संध्याकाळी देतो.

निखिल ए-४०४: फोटो मी काढतो, कुणाल छापेल.

कुणाल डी-२०१: काढतो पण मीच. लाइट लावलेलेच आहेत.

सावंत वहिनी सी-१०४: दोघं ठरवा आणि मला फोन करा. मी ग्रुप म्यूट करतेय.