नमुना मतपत्रिकेचा शेवटचा रकाना
मतदार म्हणून पक्षनोंदणी केलेली नसल्यास जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देता येत नाही आणि उमेदवारांची माहिती आधी काढावी, असे एकाने लिहिले आहे. त्यातले पहिले म्हणणे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यापुरते बरोबर नाही. येथे कोणत्याही पक्षात नाव नसलेल्या मतदाराला मतदान केंद्रावर ऐन वेळी पक्ष जाहीर करून मत देता येते. मात्र पुढे त्याची नोंद त्याच पक्षाचा मतदार म्हणून राहते. पक्ष बदलायचा असल्यास मात्र तो अर्ज ५५ दिवस आधी द्यावा लागतो.

उमेदवारांची माहिती आधी काढावी, हे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि आता तर त्याची गरज वाढली आहे. २०२४ च्या न्यायालयीन आदेशापूर्वी बहुतेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) पक्षाच्या पसंतीची सारी नावे एकाच ओळीत छापलेली असत आणि लोक ती ओळ धरून खाली उतरत. आता प्रत्येक पदाचा चौकोन वेगळा असतो. गेल्या खेपेस टपालाने आलेली नमुना मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून मी पेन्सिलीने खुणा करत गेले, तेव्हा अगदी तळाशी काउंटी कमिटीच्या, म्हणजे पक्षाच्या स्थानिक समितीच्या, जागा दिसल्या, ज्यांकडे मी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. आपल्या चार गल्ल्यांमधून निवडले जाणारे हे सदस्यच मध्येच रिकाम्या झालेल्या विधिमंडळाच्या जागेवर कोण बसणार, हे ठरवतात. कित्येकदा तो रकाना कोराच असतो. तिथे आपल्यापैकी कोणी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.