लांब पल्ल्याच्या बसच्या सुरक्षेसाठी सरकारी अनुदान कशाला?

पांथस्थ
काल अमेरिकी अंदाजपत्रकावरच्या चर्चेत 'लेखणी' यांनी लिहिले की, खासगी बसकंपन्यांना सुरक्षेसाठी मिळणारे केंद्रीय अनुदान ही मालकांना वाटलेली खिरापत असून ती बंद केल्यास कोणाचेही काही बिघडणार नाही. ते वाचून राहवले नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे. फेमा या अमेरिकी केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेमार्फत 'इंटरसिटी बस सिक्युरिटी ग्रँट प्रोग्राम' या नावाने जे अनुदान दिले जाते, ते २०२३ या आर्थिक वर्षात साऱ्या देशाला मिळून अवघे २० लाख डॉलर होते आणि २०२४ मध्ये १८ लाखांवर आले. अर्ज करणाऱ्या कंपनीच्या गाड्या अधिक धोक्याच्या ठरवलेल्या महानगरांत जात असाव्या लागतात आणि धोक्याचे मूल्यमापन व सुरक्षेचा आराखडा तिने आधीच तयार केलेला असावा लागतो.

३ ऑक्टोबर २००१ रोजी टेनेसीतील मँचेस्टरजवळ एका प्रवाशाने ग्रेहाउंड या लांब पल्ल्याच्या बसकंपनीच्या धावत्या गाडीतील चालकाचा गळा चिरला, गाडी उलटली आणि हल्लेखोरासह सात जणांचा जीव गेला. त्या दिवशी कंपनीने देशभरातील गाड्या काही तास थांबवल्या होत्या. चालकाच्या आसनामागे भक्कम आडोसा असता तर हल्लेखोराचा हात तिथवर पोहोचणे कठीण झाले असते, आणि असे आडोसे बसवण्यासाठीही हा पैसा आहे.

लेखणी
मी जे लिहिले ते विचारपूर्वक लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे. ग्रेहाउंड २०२१ मध्ये फ्लिक्स या जर्मन समूहाने विकत घेतली. इतर देशांत बससेवा चालवणाऱ्या समूहाला आपल्याच चालकामागे आडोसा बसवण्यासाठी इथल्या करदात्याने हातभार का लावावा, याचे उत्तर आपल्या लेखात नाही. नोकराचा जीव सांभाळणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि तो खर्च तिकिटाच्या दरात धरला पाहिजे. शिवाय रक्कम लहान आहे हा आपला मुद्दा माझ्याच बाजूने जातो, कारण एवढ्या मोठ्या देशात २० लाख डॉलर वाटून एकही मार्ग धड सुरक्षित होत नाही.

उत्तरा
तिकिटाच्या दरात धरा, हे म्हणणे सोपे आहे. बसने जाणाऱ्यांत विमानाचे भाडे न परवडणारे आणि स्वतःची मोटार नसलेले लोक फार मोठ्या संख्येने असतात. विमानतळावरील तपासणीसाठी सरकार स्वतंत्र यंत्रणा चालवते, तेव्हा बसच्या प्रवाशाच्या वाट्याला आलेल्या या थोड्या पैशांवरच आक्षेप का, ते 'लेखणी' यांनी सांगावे.

निशिगंध
माझे यजमान रात्रीच्या गाडीवर चालक आहेत. कंपनीचे नाव घेत नाही. त्यांच्या गाडीत सुकाणूच्या खाली, गुडघ्याला लागेल अशा ठिकाणी संकटाची सूचना देणारे बटण बसवलेले आहे. एका रात्री दारू प्यायलेला प्रवासी, चालकामागची प्रवाशांनी ओलांडायची नसते ती पिवळी रेघ ओलांडून त्यांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि वाटेत गाडी थांबवण्यासाठी धमकावू लागला, तेव्हा त्यांनी ते बटण दाबले. थोड्या वेळाने नियंत्रण कक्षातून त्यांच्या मोबाइलवर फोन आला आणि "चुकून दाबले का?" अशी विचारणा झाली, तीही त्या माणसाच्या देखत, मोठ्या आवाजात ऐकू जाईल अशी. पुढे मागच्या आसनांवरील दोन प्रवाशांनी त्याला धरून बसवले म्हणून निभावले. बटण कोणाच्या पैशाचे होते ते मला ठाऊक नाही, पण पलीकडे बसलेल्या माणसाला काय करायचे ते कोणी शिकवले नव्हते, एवढे नक्की.

आणि सुरक्षेचीच गोष्ट निघाली आहे तर हेही लिहिते की, राज्याराज्यांतून गाडी नेणाऱ्या चालकांना जादा कामाचा वाढीव मोबदला देण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने मालकांवर घातलेले नाही, त्यामुळे चालकाला जादा तास राबवणे त्यांना स्वस्त पडते. थकलेल्या माणसाच्या मागे काच बसवून तो सुरक्षित होत नाही.

चौकट
सगळे जण गाडीच्या आतले बोलत आहेत. थांबे कुठे उरले आहेत? ग्रेहाउंडची विक्री झाली तेव्हा स्थानकांच्या जागा त्या व्यवहारात नव्हत्या. त्यातल्या अनेक जागा २०२२ मध्ये ट्वेंटी लेक होल्डिंग्ज या गुंतवणूक कंपनीकडे गेल्या आणि कित्येक शहरांत गाड्या पदपथाशेजारी किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात थांबू लागल्या. मी माझ्या आईला घेऊन मध्यरात्री अशाच एका बंद पंपाच्या आवारात उभा होतो. दिवा नाही, बाक नाही, स्वच्छतागृह नाही, आणि गाडीला उशीर होणार असल्याचे सांगायलाही कोणी नाही. एक मोटार आमच्याभोवती पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत होती, तेव्हा आईने माझा दंड किती घट्ट धरला होता ते मी विसरलेलो नाही. जिथे छप्परच राहिले नाही तिथे कॅमेरा कशाला टांगणार?

पांथस्थ
स्थानकांच्या विक्रीवर कृपया वेगळा धागा काढावा. इथे प्रश्न अनुदानाचा आहे.

चौकट
हाच अनुदानाचा प्रश्न आहे! प्रवासी गाडीत चढण्याआधीच असुरक्षित असेल तर आपण कोणती सुरक्षा विकत घेत आहात? कागदावरचे नियम सांगून आम्हाला गप्प करू नका.

निशिगंध
'चौकट' यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. स्थानक होते तेव्हा तिथे पहारेकरी असे आणि धिंगाणा घालणाऱ्याला गाडीत चढण्याआधीच अडवले जाई. आता ते कामही एकट्या चालकावर पडले आहे.

लेखणी
म्हणजे जागा विकून पैसा मालकांनी घ्यायचा आणि त्यातून आलेली असुरक्षितता सरकारने निस्तरायची. माझा मूळ आक्षेप याहून वेगळा नव्हता.

उत्तरा
आक्षेप मालकांवर घ्या, पण त्यासाठी साधनेच निरुपयोगी ठरवू नका. ३० जुलै २००८ रोजी कॅनडातील मॅनिटोबात ग्रेहाउंडमध्ये एका प्रवाशाने सहप्रवाशाची हत्या केली. बाकीचे खाली उतरल्यावर हल्लेखोराने गाडी चालवून नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चालकाने आपत्कालीन यंत्रणा वापरून गाडी जागीच बंद पाडली.

लेखणी
फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात लेबेकजवळ धावत्या बसमध्ये गोळीबार होऊन एक प्रवासी ठार आणि पाच जखमी झाले, तेव्हा चालकाने गाडी कडेला घेतली आणि हल्लेखोर पिस्तूल मागे ठेवून खाली उतरला. तिथे शांत डोक्याचा माणूस उपयोगी पडला.

पांथस्थ
आणि माणसाला तसे तयार करण्याचा, म्हणजे प्रशिक्षणाचा आणि सरावाचा खर्चही याच अनुदानात बसतो. आपण बंद करा म्हणता त्यात हेही बंद होते.

लेखणी
प्रशिक्षणापुरता पैसा राहिला तर माझी हरकत नाही, एवढेच मान्य करतो. यंत्रसामग्री मात्र मालकाने घ्यावी, आणि ज्याने स्थानक बंद केले त्याला त्या शहरासाठी एक डॉलरही मिळू नये.

चौकट
ही अट घातली तर माझा पाठिंबा आहे.

निशिगंध
त्यात आणखी एक अट घाला. पैसे देण्यापूर्वी रात्री दोन वाजता एखाद्या गाडीतले बटण दाबून पाहावे आणि पलीकडून कोण बोलते, पोलिसांना कळवते का, आणि कळवायला किती वेळ लावते, याची नोंद करावी.