नवीन गीझर: सेफ्टी व्हॉल्व्ह टिपकतो, ईएलसीबी ट्रिप होतो, वॉरंटीची जबाबदारी नक्की कोणाची?

तिसरा_मजला

पुण्यात १४ मजली नवीन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. २५ लिटरचा, २००० वॅटचा उभा गीझर तीन आठवड्यांपूर्वी बसवला. दुकानाच्या बिलावर 'फिटिंगसह' असं लिहिलं आहे आणि प्लंबर दुकानदारानेच पाठवला होता. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं.

त्रास दोन आहेत. थंड पाण्याच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह चोवीस तास टिपकतो, गीझर बंद असला तरी. आणि गीझर लावला की दहा-पंधरा मिनिटांत ईएलसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो. आंघोळीला पाणी जेमतेम कोमट मिळतं.

कंपनीचा टेक्निशियन म्हणतो, "इमारतीचं प्रेशर जास्त आहे आणि पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) वाढलेला आहे, हे वॉरंटीत बसत नाही." प्लंबर म्हणतो मालच खराब आहे. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. आधी काय तपासायचं आणि कोणाला धरायचं?

नळजोड

आधी टिपकण्याचं बघू. गीझर तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी येणं हा दोष नाही. त्या व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न असतो, त्यामुळे तापून फुगलेलं पाणी मागे लाइनीत जाऊ शकत नाही, ते त्याच वाटेने बाहेर पडतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की साधारण ३५० मिली वाढतं. म्हणजे एका तापवणीला मोठा पेलाभर पाणी टिपकलं तर काळजी नको. पण थंड असताना, बंद असताना टिपकणं हा मात्र दोषच.

प्रेशरचा दावा मोजल्याशिवाय मान्य करू नका. १० मीटर उंचीला १ बार असा हिशोब असतो. तुमच्या डोक्यावर अकरा मजले आणि टाकीचा चबुतरा धरला तरी ३५ ते ३७ मीटर होतात, म्हणजे साडेतीन बारच्या आसपास. घरगुती साठवणीच्या गीझरचा व्हॉल्व्ह सहसा ८ बारला उघडतो, आकडा व्हॉल्व्हच्या अंगावर किंवा माहितीपत्रकात असतो. ० ते १० बारचा गेज हेल्थ फॉसेटच्या कॉकला जोडा आणि रात्री उशिरा वाचा, कारण कोणी पाणी वापरत नसताना प्रेशर सर्वांत जास्त असतं. गच्चीवर बूस्टर पंप असेल तर तो चालू असताना पुन्हा वाचा.

नव्या इमारतीत बहुतेक वेळा कारण निराळंच निघतं: पाइपात राहिलेली वाळू किंवा जास्तीच्या टेफ्लॉन टेपचा तुकडा व्हॉल्व्हच्या सीटवर अडकतो. एमसीबी पाडा, टाकीतलं पाणी थंड होऊ द्या, मग व्हॉल्व्हचा छोटा दांडा तीन-चार वेळा उचलून प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद जोरात पाणी जाऊ द्या. कचरा निघून गेला तर टिपकणं थांबेल. थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदलायचा. तो खोक्यातच आलेला असेल तर कंपनीकडे मागा, प्लंबरने बाहेरून आणून लावला असेल तर त्याच्याकडे किंवा दुकानाकडे.

व्हॉल्व्हचं ते तोंड बुच लावून कधीही बंद करू नका. एखादा प्लंबर "टिपकणं थांबवून देतो" म्हणत नेमकं तेच करतो, आणि थर्मोस्टॅट चिकटला तर टाकी फुटू शकते.

साधा_माणूस

लाइनीला प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह बसवून टाका. दोन्ही प्रश्न सुटतील.

नळजोड

गेज ५-६ बार दाखवत असेल तर जरूर बसवावा. साडेतीन बारला त्याने काहीच साधत नाही, खर्च मात्र ग्राहकाच्या माथी येतो.

वायरमन_कोथरूड

ईएलसीबी ट्रिप होणं आणि टिपकणं हे दोन वेगळे आजार नसतीलही. उभ्या गीझरला एलिमेंटची (पाणी तापवणाऱ्या कॉइलची) फ्लँज म्हणजे बोल्टने बसवलेली चकती, थर्मोस्टॅट आणि वायरची टर्मिनलं खालच्या झाकणात असतात, पाण्याचे दोन्ही जोडही तिथेच. कुठून तरी ओल आत गेली की करंट अर्थला गळतो आणि ३० मिलिअँपिअरच्या आत ईएलसीबी पडतो. तेव्हा पाणी नेमकं कुठून येतंय हे शोधा, जबाबदारी कोणाची ते त्यावरच ठरणार आहे.

प्लग काढून ठेवा, पाणी चालू ठेवा. बाहेरचा सगळा भाग कोरडा पुसा. दोन्ही कनेक्शन पाइपांच्या नटांना आणि व्हॉल्व्हच्या आट्यांना टिश्यू पेपर गुंडाळा, खालच्या झाकणाच्या भोकाखाली वेगळा टिश्यू ठेवा. तासाभराने बघा. नटाजवळचा ओला झाला तर वॉशर किंवा टेफ्लॉन नीट नाही, म्हणजे फिटिंगचा दोष. नट कोरडे आणि झाकणातून थेंब, तर फ्लँजचं गॅस्केट (रबरी वॉशर) किंवा टाकी गळते, तो मालाचा दोष. झाकण मात्र स्वतः उघडू नका, वॉरंटी नाकारायला नवं निमित्त मिळेल.

आता वीज. त्याच १६ अँपिअरच्या सॉकेटवर इस्त्री वीस मिनिटं चालवा. तरीही ट्रिप झालं तर दोष घराच्या वायरिंगमध्ये. झालं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून गीझरच्या प्लगच्या पिनांवर मोजून घ्या: नॉब पूर्ण फिरवलेला, पाणी थंड असताना फेज-न्यूट्रल २६-२७ ओहम यायला हवेत (२०००ला २३०वर भागलं की ८.७ अँपिअर, त्यावरून हिशोब जुळतो). फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजा, १ मेगाओहमच्या खाली आलं तर इन्सुलेशन गेलं. साध्या मल्टीमीटरला हा दोष अनेकदा दिसत नाही. थंड असताना ठीक आणि तापल्यावर ट्रिप, हे एलिमेंटच्या नळीला बारीक चीर असल्याचंही लक्षण असतं.

सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेजही पाहून घ्या. दोन-तीन व्होल्ट ठीक, तीस-चाळीस दिसले तर अर्थिंगच नीट नाही.

दोष सापडेपर्यंत प्लग काढलेलाच ठेवा. ईएलसीबी बायपास करून गीझर चालवायला कोणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. ओल्या बाथरूममध्ये तुमचा जीव वाचवणारी वस्तू तीच आहे.

पावती_जपा

टीडीएसचं कारण पुढे करतात त्याबद्दल. टीडीएस मीटर पाण्याचा कठीणपणा मोजत नाही. वॉरंटी कार्डावर अट कशाची आहे आणि किती पीपीएमची आहे, ती ओळ दाखवायला सांगा. कठीण पाण्याने क्षार साचतात, टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची अॅनोड दांडी झिजते, पण ते महिन्यामहिन्यांचं काम आहे. तीन आठवड्यांच्या गीझरला हे कारण लावणं पटणारं नाही.

जबाबदारी अशी वाटली जाते. मालात दोष असेल तर कंपनी. 'फिटिंगसह' बिल केल्यामुळे फिटिंगची सेवा दुकानाने विकलेली आहे, म्हणून जोड गळत असेल तर दुकान. प्लंबर परस्पर निघून गेला तरी दुकानाला हात झटकता येत नाहीत. भिंतीतली वायर, अर्थिंग किंवा कन्सील्ड पाइप सदोष निघाला तर बिल्डर: रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कामाचा दोष कळवला की ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्ती करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

टेक्निशियनच्या तोंडी नकाराला किंमत देऊ नका. जॉब कार्डवर (टेक्निशियन भरतो त्या कामाच्या कागदावर) "प्रेशर अमुक बार मोजलं, म्हणून वॉरंटी नाकारली" असं लिहून मागा. मोजलेलंच नसेल तर तो ते लिहिणार नाही. मग कंपनी आणि दुकान दोघांना एकाच ईमेलमध्ये फोटो, बिल, जॉब कार्ड पाठवा. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षं, २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन. विरुद्ध पक्ष म्हणून कंपनी आणि दुकान दोघांनाही घाला.

तिसरा_मजला

गेजवर रात्री ३.६ बार. दांडा उचलून पाणी सोडल्यावर थंड असताना व्हॉल्व्ह टिपकणं थांबलं. टिश्यूच्या परीक्षेत सगळे नट कोरडे, झाकणाच्या भोकाखालचा टिश्यू मात्र भिजला. इस्त्रीवर ट्रिप नाही. मेगरवर फेज-अर्थ ०.२ मेगाओहम. न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट.

वायरमन_कोथरूड

मग प्रश्न मिटला: ओल आतून आहे, म्हणजे कंपनीची बाब. प्लंबरला आणि बिल्डरला सोडा. हेच आकडे ईमेलमध्ये टाका, भिजलेल्या टिश्यूचा फोटो जोडा.

टेक्निशियन आला की नुसते फ्लँजचे बोल्ट आवळून जाऊ देऊ नका. गॅस्केट नवं हवं, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, भिजलेला थर्मोस्टॅट बदलायचा, आणि मेगर पुन्हा लावून आकडा जॉब कार्डवर लिहायचा. तरीही १ मेगाओहमच्या खाली असेल तर एलिमेंट बदलायचा. पाणी फ्लँजमधून न येता टाकीच्या सांध्यातून येत असेल तर दुरुस्ती मान्य करू नका, अख्खा गीझर बदलून मागा.

जोडल्यावर गरम नळ उघडा ठेवून टाकी भरा, हवा निघून धार एकसारखी झाली की नळ बंद. खालचं झाकण उघडंच ठेवून तासभर भरल्या प्रेशरवर कोरडं राहतंय का ते टेक्निशियनच्या समोर बघा आणि त्यानंतरच स्विच लावू द्या. रिकाम्या टाकीवर वीज दिली तर नवा एलिमेंट काही मिनिटांत जळतो, आणि ते वॉरंटीत येत नाही.