ओझोनची छत्री उघडली म्हणून जीव जमिनीवर आला? पुरे आता!

हिरवट: एका पोस्टमध्ये पुन्हा तेच वाचलं: “४५ कोटी वर्षांपूर्वी ओझोनचा थर पूर्ण झाला आणि मगच जीव पाण्याबाहेर पडला.” ओझोन सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो, म्हणून ही बर्कनर-मार्शल या शास्त्रज्ञांची १९६५ ची कल्पना. ऑक्सिजन निम्मा झाला म्हणून ओझोन निम्मा होत नाही. ऑक्सिजन घटला की तो फोडणारे किरण अधिक खाली पोचतात. तिथे हवा दाट, त्यामुळे ऑक्सिजनचा सुटा अणू त्याच्याच रेणूला चटकन चिकटतो आणि ओझोन बनत राहतो. आजच्या शेकडा १ इतका ऑक्सिजन असला तरी कामापुरती ढाल मिळते. स्कॉटलंडच्या टोरिडन खडकांत १०० कोटी वर्षांपूर्वीचे, समुद्राबाहेरच्या पाण्यातले केंद्रकयुक्त जीव सापडलेत. ते कुठल्या छत्रीखाली होते?

खडकाळ: तुमचं गणित एकमितीय, म्हणजे फक्त उंची धरणाऱ्या मॉडेलांचं. २०२२ च्या त्रिमितीय मॉडेलमध्ये तेवढ्याच ऑक्सिजनला ओझोन बराच पातळ निघाला. शिवाय सुमारे १८० ते ८० कोटी वर्षांपूर्वीच्या मधल्या काळात ऑक्सिजन आजच्या ०.१ टक्का होता की १० टक्के, यावरच एकमत नाही. आणि तळ्यात राहणं वेगळं, उघड्या वाऱ्यावर बीजाणू सोडणं वेगळं. अर्जेंटिनातले क्रिप्टोस्पोर (आद्य जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू) ४७ कोटी वर्षांपूर्वीचे, भिंत स्पोरोपोलेनिन या चिवट द्रव्याची. अतिनील किरण अडवायला याहून चांगलं काय?

हिरवट: ती भिंत सुकण्यापासूनही वाचवते. तसलं द्रव्य कॅरोफाइट शैवालांच्या (वनस्पतींच्या जवळच्या नातलगांच्या) युग्मनजाभोवती, म्हणजे फलित पेशीभोवती, पाण्यातच होतं. हाताशी होतं ते वापरलं. त्यावरून आकाशात काय चाललं होतं ते कळत नाही.

पर्णरंध्र: दोघंही ओझोनवर अडकलात. खरा खेळ कार्बन डायऑक्साइडचा. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या चर्टमधल्या (गारगोटीसारख्या खडकातल्या) बहुतेक झाडांना पानं नाहीत, नुसत्या काड्या. हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असला की रंध्रं, म्हणजे वायू आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, कमी लागतात. रंध्रं कमी म्हणजे बाष्पोत्सर्जन कमी, आणि अशा वेळी रुंद पान उन्हात भाजून निघतं. डेव्होनियनमध्ये (४२-३६ कोटी वर्षांपूर्वी) तो वायू उतरला, रंध्रं वाढली, मग पानं पसरली. बीर्लिंग आणि मंडळींनी २००१ मध्ये हेच मांडलं.

खडकाळ: २०२२ मध्येच डाल आणि मंडळींनी डेव्होनियनच्या सुरुवातीचा कार्बन डायऑक्साइड ५००-७०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५००-७००) घरात आणून ठेवला, जंगलं यायच्या आधी. मग ‘उतरला’ तो कुठून?

पर्णरंध्र: त्यांनी मोजली ती लायकोपॉड नावाची आद्य झाडं, त्यांची पानं बारीक आणि एकशिरी. रुंद पानाचा प्रश्न त्यांच्यावरून सुटत नाही. पण ठीक आहे, घसरण तितकी मोठी नसेल.

कोळसेवाला: ऑक्सिजनचं माप हवंय ना? आग बघा. हवेत ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांखाली असला तर वणवा पसरत नाही. वेल्स आणि पोलंडच्या खडकांत ४३ कोटी वर्षांपूर्वीचा लोणारी कोळसा आहे. विषय संपला.

खडकाळ: संपला कसा? समुद्रतळाचे मॉलिब्डेनम समस्थानिक खोल पाण्यात ऑक्सिजन ४० कोटींच्या आसपास पोचल्याचं सांगतात.

कोळसेवाला: ते पाण्याचं माप, मी हवेचं सांगतोय. पर्मियनला (३०-२५ कोटी वर्षांपूर्वी) तर हवेतल्या ऑक्सिजनचा वक्र ३० टक्क्यांच्या आसपास जातो. गोंडवन कोळशात (त्या काळच्या दक्षिणेकडच्या खंडांतल्या) इनर्टिनाइट, म्हणजे जळका किंवा ऑक्सिडीकरण झालेला घटक, भरपूर, आपल्या वर्धा खोऱ्यातलाही त्यातलाच.

आम्लराज: थांबा! इनर्टिनाइट म्हणजे जळकं लाकूड, हे गृहीत धरून जो तो वक्र काढतो. कोळसा १ मिमीखाली कुटा, रेझिनमध्ये बसवा, आरशासारखा घासा, तेलाच्या भिंगाखाली निदान ५०० बिंदू मोजा. इनर्टिनाइटच्या फ्युसिनाइट या प्रकारात पेशी रिकाम्या आणि कडा धारदार असतात. तिथे आग मान्य. पण सेमीफ्युसिनाइट, हा अर्धवट बदललेला प्रकार? दलदलीतलं पाणी उतरल्यावर संथ ऑक्सिडीकरणानेही तो होऊ शकतो. तो सरसकट आगीच्या खात्यावर टाकला तर ऑक्सिजन फुगणारच. वर काहीजण मॉडेलमधले ३५ टक्के मोजलेले असल्यासारखे फेकतात!

कोळसेवाला: ३५ मी म्हटलंच नाही. संथ ऑक्सिडीकरणाने पेशीभित्तीचे मधले पडदे एकजीव होतात का? ते चारिंगमध्ये (लाकडाचा कोळसा होताना), सुमारे ३००-३२५ अंशांच्या पुढे होतात. वर्ध्याच्या नमुन्यात तुकडे एकजीव निघाले तर आगच म्हणा.

आम्लराज: मग फ्युसिनाइट आणि सेमीफ्युसिनाइट वेगवेगळे छापा ना! बेरीज करून टक्केवारी देता म्हणूनच हे भांडण. वेगळे छापलेत तर आगीचं मान्य, टक्क्यांचं नाही.

हिरवट: पर्मियनपर्यंत पोचलात, छान. तेव्हा वनस्पती जमिनीवर येऊन सतरा ते बावीस कोटी वर्षं झाली होती. ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या हवेबद्दल कोणाकडे काही आहे का?

खडकाळ: अतिनीलचा मुद्दा एकट्याने पुरत नाही, एवढं लिहून घ्या. ओझोन बिनमहत्त्वाचा, हे नाही.